दिग्रसचं शून्य

"मॅडम, तुमच्या निगेटिव्ह रिपोर्टवर एका पोरीची पिशवी काढून राह्यले," वनमाला सिस्टर दारातूनच म्हणाली, आणि थर्मोकोलचा डबा माझ्या टेबलावर आदळून स्टुलावर बसली.

गुरुवारची दुपार होती. माझ्या हातातला भाकरीचा घास हातातच राहिला. मी तेव्हा यवतमाळच्या एका सरकारी लॅबमध्ये टेक्निशियन होते. वनमाला दिग्रसजवळच्या एका आरोग्य केंद्रातली नर्स. तीन महिने आमचं बोलणं फक्त फोनवर चालायचं. दर गुरुवारी ती नमुन्यांचा डबा एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करायची आणि आमचा अटेंडंट तो स्टँडवरून घेऊन यायचा. आज ती स्वतःच डबा घेऊन आली होती. म्हणजे काहीतरी मोठं बिनसलं होतं.

"आधी पाणी पी," मी म्हटलं. "कोणाची पिशवी? नीट सांग."

तिने सांगितलं ते असं. फरीदा नावाची पंचवीस वर्षांची बाई. (नाव अर्थातच बदललंय, तिच्या नवऱ्याचंही.) पहिलीत जाणारी एक मुलगी. दीड वर्षापासून अंगावरून पांढरं जायचं, आग व्हायची, बसवत नव्हतं. गोळ्या घेतल्या की बरं वाटायचं, महिन्याभराने पुन्हा तेच. तिचा नमुना आमच्याकडे आला होता आणि मी माझ्या हाताने त्यावर 'निगेटिव्ह' लिहिलं होतं. तो कागद घेऊन ती एका खाजगी दवाखान्यात गेली. तिथे तिला सांगितलं, इन्फेक्शन नाही म्हणजे दोष गर्भपिशवीतच आहे, काढून टाकू. सोमवारची तारीख दिली होती.

"तिले अजून एक लेकरू पाह्यजे मॅडम," वनमाला म्हणाली. "रडून राह्यली माझ्यापाशी. म्हणते, रिपोर्टच तसा आला तं काय करू."

मी भाकरी झाकून ठेवली. भूक मेली होती.

आता हे नमुने कसले, ते सांगते. ज्या वर्षांत कापसाचं सगळं बिघडलेलं होतं, ती ही वर्षं. जिल्ह्यात जीप थांबली की लोक म्हणायचे, चौकशीला सरकारी समिती आली. दर आठवड्याला कोणीतरी काहीतरी मोजायला यायचं. त्या गर्दीत आमचंही एक छोटं संशोधन सुरू झालं. बायकांच्या 'पांढरं जाण्या'मागे ट्रायकोमोनिअसिस किती, तो ओळखायचा कसा, आणि औषध दिल्यावर किती जणी बऱ्या होतात, एवढंच बघायचं होतं.

ट्रायकोमोनास हा एकाच पेशीचा जीव. आकार पेरूसारखा, पुढे चार बारीक शेपट्या. नवरा-बायकोच्या संबंधातून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पुरुषाला बहुतेक वेळा काहीच होत नाही, बाईला मात्र होतं. ओळखायची सोपी रीत अशी, की नमुन्याचा थेंब काचेच्या पट्टीवर सलाइनमध्ये घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. तो वळवळताना दिसला की निदान झालं. आम्ही याला वेट माउंट म्हणतो. यात मेख एकच आहे. तो हलला तरच ओळखू येतो. थांबला की गोल होतो आणि शेजारच्या पांढऱ्या पेशींमध्ये असा मिसळतो, की वीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावलेली बाईही सांगू शकत नाही.

यवतमाळच्या ओपीडीत आम्हाला तो अधूनमधून दिसत होता. दिग्रसच्या नमुन्यांत मात्र एकदाही नाही. तीन महिने, शून्य. डांगे सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, खूश होते. "दिग्रस क्लीन दिसतंय," ते म्हणायचे. मला ते खटकत होतं, पण खटकलं म्हणून काही लिहिता येत नाही. आणि खरं सांगायचं तर हातात काम इतकं होतं, की शून्य लिहायला सोपं जात होतं.

"तू नमुना नीट घेतेस ना?" मी वनमालाला जरा चढ्या आवाजातच विचारलं. माझा स्वभाव तापट, लॅबमध्ये सगळ्यांना माहीत.

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "नीट म्हणजे? उघडून पाहा ना डबा. आजपर्यंत एक थेंब सांडू देल्ला नाही मी."

मी झाकण काढलं. आत गारेगार हवा. चारी बाजूंना गोठलेले आइसपॅक, मध्ये रांगेने नळ्या. एक नळी उचलली तर कुल्फीची कांडी हातात घेतल्यासारखं वाटलं.

"हे बर्फात ठेवायला कोणी सांगितलं?"

"कोणी कायले सांगाव लागते? कोल्ड चेन मॅडम. पंधरा वर्षं झाले लसी नेऊन राह्यली. भर उन्हात पायी नेल्या, पण एक डोस गरम होऊ देल्ला नाही. यासाठी तं मी सकाळी उठून पहिले आइसपॅक जमवतो."

वऱ्हाडात बायकाही पुष्कळदा 'जमवतो', 'करतो' असंच बोलतात. आणि ती शब्दशः खरं सांगत होती. सरकारी नर्सच्या हाडीमाशी कोल्ड चेन मुरलेली असते. डबा म्हटला की बर्फ. ट्रेनिंगमध्ये, मीटिंगमध्ये, साहेबांच्या व्हिजिटमध्ये एकच प्रश्न, थंड आहे का. आणि ट्रायकोमोनास हा शरीराच्या उबेत जगणारा प्राणी. दोन-अडीच तास बर्फात बसून आला, की यवतमाळला पोचेपर्यंत त्याचा दगड झालेला. वरून आमचा अटेंडंट काळजीवाहू. मी जेवून येईपर्यंत तो नळ्या फ्रीजमध्ये ठेवायचा.

मी कपाटातून आमचा सूचनांचा कागद काढला. मीच लिहिलेला. स्वॅब कसा घ्यायचा, लेबल कुठे लावायचं, बूच कसं घट्ट करायचं, सगळं होतं. नमुना उबदार ठेवा, हे कुठेच नव्हतं. लॅबमध्ये आम्हाला ते इतकं पाठ असतं, की लिहायचं सुचलंच नाही. आणि तीन महिन्यांत मी एकदाही तो डबा स्वतः उघडला नव्हता. नळ्या रॅकमध्ये लागून यायच्या, मी थेंब घ्यायचे.

"सिस्टर," मी म्हटलं, "चूक तुझी नाही. माझी आहे." हे वाक्य माझ्या तोंडून फारसं निघत नाही.

पण सरांना पुरावा लागणार होता. सकाळच्या ओपीडीतला एक पॉझिटिव्ह नमुना इन्क्युबेटरमध्ये होता. इन्क्युबेटर म्हणजे शरीराइतकी ऊब धरून ठेवणारं कपाट. त्यातलं थोडं मी दोन नळ्यांमध्ये घेतलं. एक परत कपाटात, एक वनमालाच्या बर्फाच्या डब्यात. तिला माझी अर्धी भाकरी खाऊ घातली, दोघींनी दोनदा चहा घेतला, आणि दोन तासांनी दोन्ही काचपट्ट्या घेऊन मी डांगे सरांना बोलावलं.

सरांनी पहिली पाहिली. "छान. बरेच आहेत."

दुसरी पाहिली. इकडे सरकवली, तिकडे सरकवली. "यात काही नाही."

"सर, नमुना एकच आहे. दुसरा बर्फात ठेवला होता."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माणूस हुशार होता, पुढचं सांगावं लागलं नाही. "म्हणजे तीन महिन्यांचं काम पाण्यात?"

"बर्फात, सर."

"वर काय कळवायचं आता? रिपोर्ट पुढच्या आठवड्यात जायचा आहे."

"जे झालं ते कळवू. पण ते नंतर. सोमवारी एका पोरीची पिशवी निघणार आहे, माझ्या सहीच्या कागदावर. मला उद्या दिग्रसला जाऊ द्या."

"गाडी नाही. समितीसोबत वणीला गेली आहे."

"एसटी आहे."

सरांनी खिशातून पेन काढलं. मग त्यांनी लेटरहेड ओढलं आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहिली. जंतू सापडला तर अमुक औषध द्यावं, नवरा-बायको दोघांना, एकाच वेळी. 'दोघांना'खाली त्यांनी दोनदा रेघ मारली. "सापडला तर," ते म्हणाले. "नाही सापडला तर पोरीला खोटी आशा लावू नका." तेही बरोबरच होतं. मला एवढंच माहीत होतं की जुना रिपोर्ट बिनकामाचा होता. तिला ट्रायकोमोनासच आहे, हे अजून कोणीच पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळच्या एसटीत मी मांडीवर मायक्रोस्कोपची लाकडी पेटी घेऊन बसले. नवा विजेचा मायक्रोस्कोप मुद्दाम ठेवून आले. तिकडे लोडशेडिंग इतकं होतं, की वीज कधी येते हे विचारण्यातच दिवस जायचा. कपाटाच्या तळाशी पडलेला जुना काढला. त्याला खाली आरसा असतो, तो उजेड पकडतो. सलाइनची बाटली पदराखाली पोटाशी धरली होती, ऊब राहावी म्हणून. कंडक्टरने पेटीकडे बघून विचारलं, "लगेज का, बाई?" मी म्हटलं, "डॉक्टर आहे आत." तो पेटीला हात न लावता पुढे गेला.

आरोग्य केंद्रात वीज नव्हतीच. पण मागच्या खोलीला मोठी खिडकी होती आणि समोर नुकतीच चुना मारलेली भिंत. आरशात थेट ऊन घ्यायचं नसतं, डोळा जाईल. भिंतीवरून परतलेला उजेड मात्र झकास. मी टेबल खिडकीला लावलं.

वनमालाने आदल्या संध्याकाळीच निरोप धाडला होता, तशी फरीदा आली. बारीक चणीची, डोक्यावरून ओढणी, नजर खाली. सोबत नवरा होता, रशीद मिस्त्री. दिग्रसमध्ये त्याचं टू-व्हीलर दुरुस्तीचं दुकान. नखांत काळं ऑइल, चेहऱ्यावर वैताग.

"मॅडम, जुम्मा हाये आज. नमाजच्या पहिले मोकळं करा," तो म्हणाला. "आणि एक सांगा, पहिले रिपोर्ट चुकला तं हा बी चुकन नाही कशावरून?"

"रास्त विचारलं," मी म्हटलं. "या वेळी तुमच्या डोळ्यांनी बघा. मग ठरवा."

वनमालाने पडद्याआड नमुना घेतला आणि चार पावलं चालून माझ्या हातात दिला. कोमट सलाइनचा थेंब, काच, त्यावर पातळ काच. मी डोळा लावला.

पहिल्या पट्टीत काही नाही. एका टोकापासून सुरुवात केली, नांगरणीच्या तासांसारख्या ओळी घेत दुसऱ्या टोकापर्यंत गेले. पांढऱ्या पेशी भरपूर, हलणारं काही नाही. मागे फरीदाचा श्वास ऐकू येत होता. आदल्या दिवशी सरांसमोर मोठ्या तोऱ्यात बोलले होते. आता इथून हात हलवत परत जायचं आणि सोमवारी त्या पोरीला टेबलावर झोपू द्यायचं, हे काही मला जमलं नसतं.

दुसरी पट्टी केली. आरसा जरासा फिरवला. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर एक पेशी थरथरली. मग तिने शेजारणीला धक्का दिला आणि आडवीतिडवी पळाली. मागोमाग दुसरी, तिसरी.

माझा जीव भांड्यात पडला. एखादा जंतू बघून इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता, नंतरही झाला नाही.

"ये बाई, बघ," मी फरीदाला म्हटलं. तिने ओढणी सावरत डोळा लावला. बराच वेळ लावून धरला. "हे माझ्या आंगात हाये?" ती हळूच म्हणाली. "म्हणजे मी खोटं नव्हती सांगत." आणि ती हसली. दीड वर्ष सगळे तिला म्हणत होते, तुझ्या मनाचे खेळ आहेत. आता ते काचेवर पळताना दिसत होतं.

रशीदनेही पाहिलं. पहिल्यांदा त्याला स्वतःच्या पापण्याच दिसल्या, सगळ्यांना दिसतात. मग सापडलं. "अरे बाप रे," तो म्हणाला, "हे तं झटके खात चालून राह्यलं. प्लगमध्ये कचरा असला का गाडी अशीच चालते." लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना ही चाल समजवायला मी दहा मिनिटं घ्यायचे. याने एका वाक्यात सांगितली.

"पिशवीचा दोष नाही मग?" फरीदाने विचारलं.

"पांढरं जाण्याचं कारण तर हे दिसतंय समोर. गोळ्यांनी जातं. पिशवी काढून हे गेलंही नसतं. पण गोळ्या दोघांनी घ्यायच्या, एकाच दिवशी."

इथे गाडी अडली.

"मी कायले?" रशीद म्हणाला. "मले तं काहीच त्रास नाही."

"पुरुषाला बहुतेक त्रास होत नाही. तरी तो आत असू शकतो."

त्याच्या चेहऱ्याचा रंग बदलला. फरीदाची मान पुन्हा खाली गेली. "मंग हे आलं कुठून?" त्याने विचारलं, आवाज बदललेला. वनमालाने माझ्याकडे बघितलं. औषधापेक्षा अवघड जागा हीच असते. इथे शब्द चुकला तर आजार बरा होतो आणि घर मोडतं.

"कुठून आला हे मी सांगू शकत नाही. तुम्हीही सांगू शकत नाही," मी म्हटलं. "हा प्राणी काही न करता महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं बसून राहतो. कोणाकडून कोणाकडे आला, हे दाखवणारा मायक्रोस्कोप अजून निघाला नाही. दीड वर्ष बायको गोळ्या खाते आणि परत तेच होतं. का होतं, ते तुम्हीच सांगा. मिस्त्री तुम्ही आहात."

तो नखांतलं ऑइल खरवडू लागला. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. मग त्याने डोकं खाजवलं.

"म्हणजे कार्बोरेटर साफ करून राह्यलो आपण," तो सावकाश म्हणाला, "आणि कचरा टाकीत हाये."

"अस्सं."

"टाकी नाही धुतली तं कार्बोरेटर रोज साफ करा, रोज भरन." त्याने बायकोकडे पाहिलं. "आणि मी म्हणत होतो, कार्बोरेटरच काढून फेकू." "गलती झाली माझी." हे तो मला नाही, तिला म्हणाला.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, दोघांना तपासलं आणि गोळ्या लिहून दिल्या. वनमालाने स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी दोघांपुढे ठेवली, कारण या गोळ्यांनी रिकाम्या पोटी मळमळतं. दारू चालत नाही, असंही बजावलं.

"आपण पीतच नाही, सिस्टर."

"आणि तोंडाले लोखंडासारखी चव येईन दोन दिवस."

"ते मले रोजचंच हाये," रशीद म्हणाला आणि गोळ्या घशात टाकून नमाजला निघाला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः जाऊन सोमवारची तारीख रद्द करून आला. काही आठवड्यांनी फरीदाचा नमुना पुन्हा तिथल्या तिथे पाहिला. काच स्वच्छ होती. तिची तक्रारही गेली होती.

सरांनी वर कळवलं. एक पान, कुठे लपवाछपवी नाही. मला वाटलं पाणउतारा होईल, पण तिकडून फक्त 'पद्धत बदलून काम पुन्हा सुरू करा' एवढंच आलं. त्या तीन महिन्यांत ज्यांना निगेटिव्ह सांगितलं होतं, त्या सगळ्यांना वनमालाने परत बोलावलं. जुना मायक्रोस्कोप तिकडेच मुक्कामाला गेला आणि मी आठवड्यातून एक दिवस. ज्या नळ्या यवतमाळला आणायच्याच होत्या, त्यांच्यासाठी वनमालाने तोच थर्मोकोलचा डबा उलटा कामाला लावला. आइसपॅकमध्ये कोमट पाणी भरलं आणि दिग्रसच्या जिनिंग कारखान्यातून आणलेली कापसाची रुई चारी बाजूंनी ठासली. त्या वर्षी कापसाला कोणी विचारत नव्हतं. आमच्या डब्यात मात्र त्याला मान होता. दिग्रसचं शून्य गेलं. आकडा किती झाला ते सरांच्या रिपोर्टात आहे, इथे त्याचं काम नाही.

नवऱ्यांना गोळ्या घ्यायला लावणं हे खरं कठीण काम. तिथे आम्हाला एक अनपेक्षित माणूस मिळाला. कोणी पुरुष अडून बसला, की वनमाला त्याला म्हणायची, "गाडी नीट चालते का तुमची? रशीदभाऊच्या दुकानात दाखवून या." रशीद गाडी उघडायचा आणि स्वतःचं नाव न घेता टाकी-कार्बोरेटरचं पुराण सांगायचा. संध्याकाळपर्यंत माणूस गोळ्या मागायला हजर. आमच्या फॉर्ममध्ये 'समुपदेशन कोणी केलं' असा रकाना होता. त्यात काय लिहावं, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

वर्षभराने एका गुरुवारी डबा आला. आता तो मीच उघडायचे, कानाला खडा लावला होता. आत नेहमीची रुई, कोमट पॅक, आणि मधोमध एक लघवीची बाटली. सोबत वनमालाची चिठ्ठी, 'किट संपले आहेत, गर्भ राहिला का ते तपासून द्यावं. पेशंट, सौ. फरीदा.'

मी कपाळाला हात लावला. लघवीचा नमुना थंड ठेवायचा असतो, उबेत तो खराब होतो. बाई बर्फ नको म्हटलं तर सगळंच पांघरूण घालून पाठवायला लागली होती. रागाने फोन उचलला, नंबर फिरवला, आणि घंटी वाजत असताना भिंतीवरच्या सूचनांच्या कागदाकडे लक्ष गेलं. लघवीचं त्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. मी फोन ठेवला, वास घेऊन पाहिला, बाटली अजून बरी होती. टेस्ट लावली.

मग पुन्हा फोन केला.

"सिस्टर, लघवी बर्फात पाठवायची असते."

"मंग तुम्ही लिहून कायले देत नाही?" वनमाला म्हणाली. "आता काय परत पाठवू?"

"नको," मी म्हटलं. "दोन रेघा आल्या आहेत. रशीदला सांग, मिठाईचा डबा तेवढा साध्या हवेत पाठव."